सौर सवलतीतून बॅटरी का वगळता?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी दीड वाजता आमच्याकडची लाइट गेली. गच्चीवर तीन किलोवॉटची पॅनेलं, वर रणरणतं ऊन, आणि खाली खोलीत माझ्या यजमानांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं विजेवरचं यंत्र, बंद. घरात भरलेला सिलिंडर होता म्हणून निभावलं. पण एवढं ऊन असताना वीज का नाही, हे मला उमगेचना. पॅनेलं बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की आपणहून बंद होतो. तसं व्हायलाच हवं, नाहीतर आमच्या छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. हे कारण मला पूर्ण पटलं. पण वीज कंपनी पॅनेलांवर जी सवलत देते, तिच्या अर्जावर इतक्या सह्या घेतल्या, त्यात ही एक ओळ कुठेच नव्हती. ती पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत हवी.

नंतर आम्ही पाच युनिट क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि ग्रिडची वीज गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर घेतला. पॅनेलांवर वीज कंपनीची सवलत मिळाली होती. बॅटरीवर काहीच नाही, सगळं पदरमोड करून. मी तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. आमचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. बॅटरीतले साडेचार युनिट वापरता येतात असं धरलं, तर वाटेतली गळती वजा जाता तो सुमारे १२ तास चालतो. म्हणजे एक अख्खी रात्र. ती रात्र आम्हाला विकत घेता आली. ज्यांना घेता येत नाही त्यांचं काय, हा विचार तेव्हापासून पाठ सोडत नाही.

बॅटरी ही ज्याची त्याची सोय, तिला सवलत कशाला, असं म्हणणारे भेटतात. मला ते मान्य नाही. दुपारी सगळ्या छतांवरची वीज एकदम ग्रिडमध्ये येते. ऊन उतरलं की ती आटते, आणि नेमके त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. कॅलिफोर्नियात ग्रिड चालवणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये याचा आलेख मांडला, तो बदकासारखा दिसतो म्हणून ‘डक कर्व्ह’ नावाने ओळखला जातो. दुपारचं खाली गेलेलं पोट, संध्याकाळची उंच मान. त्या मानेसाठी कंपन्यांना काही तासांपुरती महागडी वीजकेंद्रं तयार ठेवावी लागतात. आमची बॅटरी दुपारी भरते आणि दिवेलागणीनंतर रिकामी होते. मग ती एकट्या आमच्याच कामाची कशी?

इतरांनी हे केलेलं आहे. जर्मनीत केएफडब्ल्यू या सरकारी बँकेने २०१३ मध्ये घरगुती बॅटरीला साहाय्य सुरू केलं. अट अशी, की पॅनेलांच्या कमाल क्षमतेच्या ६० टक्क्यांहून जास्त वीज ग्रिडमध्ये सोडायची नाही. पुढे ती मर्यादा ५० टक्क्यांवर आणली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये बॅटरीच्या क्षमतेनुसार, युनिटमागे अनुदान दिलं, आणि वीजबिलात आधीच सवलत असलेल्या गरजू कुटुंबांना त्याहून जास्त. कॅलिफोर्नियात २०२० पासून वणव्याच्या पट्ट्यातल्या, घरी विजेवरचं वैद्यकीय उपकरण असलेल्या ग्राहकांसाठी वेगळा निधी राखला, बॅटरीचा बहुतेक खर्च भागेल एवढा. हे वाचताना मला आमची ती दुपार आठवली.

सवलत बॅटरीलाही हवी, आणि ती सुरुवातीच्या बिलातूनच वजा व्हायला हवी. आधी सगळे पैसे भरा, मग काही महिन्यांनी परत मिळतील, या पद्धतीत आजारी माणसाचं घर अर्जापर्यंतही पोचत नाही. आजारपणात हातात शिल्लक राहतेच किती?

बदल्यात कंपनीने संध्याकाळी आमची बॅटरी वापरावी, माझी आनंदाने तयारी आहे. फक्त किती चार्ज राखून ठेवायचा हे घरच्यांनी ठरवायचं. आमच्याकडे मी तो आकडा ६० टक्के लिहीन. तेवढ्यावर कॉन्सन्ट्रेटर सात तास चालतो, आणि तेवढ्यात सिलिंडर भरून आणता येतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका