काका, आधी कास्तकार बोलतील हा तुमचा नियम

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

शेतीचं तंत्रज्ञान बघायला नागपुरात जागा कमी नाहीत. ॲग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन २००९पासून भरतंय, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पण यंत्र बनवणारे, ते वापरणारे आणि त्यात चार पैसे घालू शकणारे निवांत एकत्र बसतील अशी जागा नव्हती. ती तुम्ही धरमपेठेत केलीत. हॉलचं भाडं पदरचं, एकेकाला फोन स्वतः. नियम एकच, आधी कास्तकार बोलतील.

संत्र्याच्या बागेतला ओलावा मोजणारी आमची कांडी त्या नियमामुळेच तगली. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या फुलोऱ्यासाठी, उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. तो कमी पडला तर फूल विरळ, जास्त झाला तर झाडच खंगतं. काटोलकडच्या एका कास्तकारांनी कांडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "पोरी, मे महिन्यात माह्या वावरात हात जाईन एवढ्या भेगा पडतेत. हे भेगेत लटकलं, मंग हवाच मोजन ना?"

अगदी खरं. काळी माती वाळली की आक्रसते, सेन्सरचा तिच्याशी संपर्क सुटतो आणि आकडा खोटा येतो. उपायही त्यांनीच सांगितला: झाडाच्या घेराखाली, पालापाचोळ्याचं आच्छादन करून, दोन वेगवेगळ्या खोलींवर लावा.

पैशाचंही तुम्ही सरळ ठेवलंत. वर्गणी अर्धी आता, अर्धी बहार फुटल्यावर, हिशेब सगळ्यांसमोर. तारण मागणाऱ्यांची दारं झिजवून आलेल्या आम्हाला निवृत्त शिक्षिकेपासून रोपवाटिकावाल्यापर्यंत सगळ्यांनी हातभार लावला. तरी मला मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. भेगांबद्दल विचारणाऱ्या त्याच कास्तकारांनी बागेतली एक अख्खी ओळ चाचणीला दिली. पैसे कदाचित दुसरीकडून उभे राहिले असते, ती ओळ तुमच्या बैठकीशिवाय मिळाली नसती.

आता पुढची बैठक त्यांच्याच वावरात घ्यायची म्हणताहेत, आंब्या बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचा, ताण सुरू व्हायच्या आधी. गाडी आम्ही पाठवतो. काकूंनाही आणा. दर बैठकीला सगळ्यांचं चहापाणी त्यांनी सांभाळलं, त्यांचे आभार मला त्यांच्यासमोरच मानायचेत.

तुमच्या बैठकीतली,
कांडीवाली मुलगी