पागेतल्या पोरांना कागद द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

महालक्ष्मी रेसकोर्सच्या जागेबद्दल मध्यंतरी बरंच छापून आलं. २११ एकरांतले १२० एकर उद्यानाला, ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे, भाडेपट्टा किती वर्षांचा, सगळं वाचलं. रेसकोर्स म्हणजे एक तर जमीन, नाही तर जुगार, याच्या पलीकडे कुणी जात नाही. पहाटे साडेचारला तिथं कोण उठतं ते सांगावं, आणि त्या पोरांना कामाच्या दाखल्याचा कागद मिळावा, म्हणून हे पत्र.

१९८४ साली, १३ वर्षांचा असताना, मामाच्या वशिल्यानं मी पुण्यातल्या एका पागेत अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागलो. वजन ३२ किलो, हीच काय ती पात्रता. जॉकी व्हायचं होतं; पांडू खाडे, वसंत शिंदे ही नावं आमच्याकडे देवासारखी घेतली जात. पण पहिले सात महिने मी खोगीर फक्त वाहिलं. लीद काढायची, थान, म्हणजे घोडा बांधायची जागा, झाडायचं, बादल्या भरायच्या, खुरातले खडे काढायचे, खरारा करायचा. सकाळी पळून आलेला घोडा अंग थंड होईपर्यंत फिरवायचा, तेही त्याच्या चालीनं, आपल्या नव्हे.

खरं शिकवलं ते घोड्यांची निगा राखणाऱ्या एका म्हाताऱ्या मोतद्दारानं. सगळे त्यांना चाचा म्हणत. अंधारातच ते घोड्याच्या पुढच्या पायाशी उकिडवे बसत आणि गुडघ्याखालच्या शिरेवरून हात फिरवत. मी तळवा लावला तर म्हणाले, "हात उलटा लाव. तळव्याला घट्टे पडलेत, त्याला काय कळणार?" दोन्ही पाय एकापाठोपाठ चाचपायचे, एक जरा गरम लागला की घोडा त्या दिवशी ट्रॅकवर नाही. घोडा चंदी, म्हणजे त्याचा दाणा, अर्धी टाकून मागं वळून पोटाकडे बघायला लागला की डॉक्टरला आधी हाक मारायची आणि मग बाकीचं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो.

एकदा माझ्या हाताला एका फिलीचा, म्हणजे तरुण घोडीचा, डावा पाय कोमट लागला. त्या दिवशी मला पहिल्यांदाच गॅलपला, म्हणजे भरधाव सरावाला, बसवणार होते. मी "ठीक आहे" म्हणून सांगितलं. चाचांनी जाता जाता पुन्हा हात लावला आणि तिला थानावर परत नेलं. फिली तीन महिने शर्यतीविना थानावरच उभी राहिली. चाचा मला ओरडले नाहीत, आठ दिवस बोललेच नाहीत.

सतराव्या वर्षी माझी उंची वाढली. उपाशी राहिलो, भर उन्हात रेनकोट घालून धावलो. वजन ५० वर थांबायला हवं होतं, ते ५८ वर गेलं. जॉकीचं स्वप्न तिथंच संपलं. पुढं नऊ वर्षं राइडिंग बॉय म्हणून सकाळी घोडे सरावाला पळवायचं काम केलं, मग पडून हासळीचं हाड मोडलं. पागेच्या मालकानं हिशेब दिला आणि निघालो. हातात कागद एकही नाही. कार्ल उम्रीगर हा तरणा जॉकी १९७९ मध्ये महालक्ष्मीला घोड्यावरून पडून गेला, त्या मानानं मी सुटलो म्हणायचं. पुढं सोसायटीचा वॉचमन झालो.

शाळेचं म्हणाल तर आमची पागा पावसाळ्यात पुण्याला आणि दिवाळीनंतर मुंबईला. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आमचा मुक्काम मध्येच हलायचा. सातवीनंतर माझं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. आता १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, हे चांगलंच झालं. पण पंधरा-सोळाची पोरं आजही जॉकी व्हायला येतात, आणि अंगानं भरली की बाहेर पडतात. यात पोराचा काही दोष नाही, हाडं वाढणारच.

माझं मागणं मोठं नाही. गवंडी, वायरमन यांना आता कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं. अर्ध्या टनाच्या भित्र्या जनावराला शांत ठेवणं, त्याचा पाय, दाणापाणी, ताप ओळखणं हे कौशल्य नव्हे का? पागेत दोन वर्षं काढलेल्या पोराची परीक्षा जनावरांच्या डॉक्टरसमोर घ्यावी आणि शिक्का मारून कागद द्यावा. क्लबनं द्यावा की सरकारनं, त्यांनी ठरवावं. त्या जोरावर त्याला स्टड फार्मवर, रायडिंग स्कूलमध्ये, घोड्यांच्या दवाखान्यात उभं तरी राहता येईल. मी एका रायडिंग क्लबात गेलो होतो, तेव्हा पहिला प्रश्न "सर्टिफिकेट?" हाच होता. समोर बांधलेली घोडी मागचा पाय उचलून धरत होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी सांगितलं आणि परत आलो.

पत्र छापलंत तर एक विनंती, मथळ्यात 'जुगार' घालू नका.

आपला,
एक जुना अ‍ॅप्रेंटिस, वानवडी, पुणे