आखाजीला गावी या, तलावाचा गाळ काढायचा आहे

राम राम मंडळी,

ग्रामपंचायत आणि पाणी समितीचं हे आवाहन गावात राहणाऱ्या सगळ्यांना आहे. पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेल्या भाऊबंदांना आणि सासरी नांदणाऱ्या लेकींनाही आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवसापासून पाझर तलावातला गाळ काढायचं ठरलं आहे. त्यासाठी पैसा हवा, ट्रॅक्टर हवेत, माणसं हवीत. घाई कशासाठी, ते जरा सविस्तर सांगतो.

पाऊस कमी झाला म्हणून विहिरी आटल्या, असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. धुळे जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेवढा होऊनही हिवाळ्यातच विहिरीचा तळ दिसायला लागतो, हे आपण पाहिलं आहे. चार-चार दिवस लागून राहणारी झड आता फारशी येत नाही. पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मग मोठा खंड पडतो. हवा 1 अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा धो धो पडतो आणि उघडीप असली की तीच तापलेली हवा रानातली ओल ओढून घेते. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, दावणीची गुरं वाहून गेली. पुढे 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. दोन्ही आपल्याच खान्देशाने सोसलं.

गावातली म्हातारी माणसं म्हणतात, "आते पानी पडस, पन जमीनमा मुरत नही." यात तथ्य आहे. आपल्याखाली काळा कातळ आहे. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा पट्टा आहे, तिथे पाणी भराभर खाली उतरतं. आपल्याकडे ते फक्त मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून हळूहळू झिरपतं. कुठल्याही जुन्या विहिरीत वाकून बघा. वर माती, मग पिवळसर मुरूम, त्याखाली कातळ. आणि मुरूम संपतो तिथे ओला पट्टा, बारीक पाझर. हा पाझर गावाला उन्हाळ्यापर्यंत नेत असे. त्याला सावकाश पडणारा पाऊस लागतो, नाहीतर जोराचं पाणी काही आठवडे थांबवून धरणारी जागा लागते. पाऊस आपल्या हातात नाही. जागा आहे.

आणि ती जागाच गाळाने भरली आहे. तलावाच्या मधोमध उभं राहिलं की भेगाळलेल्या गाळात हात कोपरापर्यंत जातो. तळाशी बसलेला हा बारीक गाळ पाणी मुरूही देत नाही. वर तलाव उथळ झालेला. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्यावरून रोज 8 ते 10 मिलिमीटर पाणी उडतं, आणि उथळ तलावात त्याचा वाटा फार मोठा पडतो. खोली वाढली की तेवढ्याच पसाऱ्यात जास्त पाणी मावेल, शिवाय ते मुरेलही. मात्र पोकलेन आहे म्हणून कातळापर्यंत खणत सुटायचं नाही, हे समितीने पक्कं ठरवलं आहे. गाळ काढायचा, मुरूम लागला की थांबायचं.

नुसता गाळ काढून भागणार नाही, हेही स्पष्ट बोलायला हवं. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. हजार हेक्टरच्या शिवारावर साडेपाचशे मिलिमीटर धरलं तर 550 कोटी लिटर होतं. आकडा ऐकून छाती फुगते, पण त्यातलं बरंचसं उन्हाने आणि पिकांनी उडतं, काही नाल्याने पांझरा नदीत जातं, आणि कातळाच्या मुलखात जमिनीत उतरतं ते दहा टक्क्यांच्या आसपास. तेवढ्यावर किती बोअर चालणार? एकाने तीनशे फूट नेला की शेजारी चारशे नेतो आणि दोघांनाही फुफाटा लागतो. पांझराकाठच्या फड पद्धतीत आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षं पाणी बघून पीक ठरवलं. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड, म्हणजे शेतांचा एक पट्टा, पडीक ठेवायचे. आपल्याच साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखून आणि श्रमदान करून गावाचं पाणी परत आणलं. तिथल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

म्हणून शाळेत एक पर्जन्यमापक बसवायचा आहे, आणि वेगवेगळ्या आळीतल्या काही विहिरींची पातळी दर महिन्याला मोजून फळ्यावर लिहायची आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडू आणि त्यावरून रब्बीत गहू, कांदा किती आणि हरभरा किती, ते सगळ्यांनी मिळून ठरवू.

आता मदतीचं. पोकलेनचं भाडं आणि डिझेल हा सर्वांत मोठा खर्च आहे. ज्याला जमेल त्याने मशीनच्या एका तासाचा खर्च उचलावा. एकट्याला जड जात असेल तर चार मित्रांनी मिळून उचलावा. ट्रॅक्टरवाल्यांनी हनुमान जयंतीपर्यंत नाव नोंदवावं. गाळ ज्याच्या रानात जाईल त्याने वाहतूक स्वतः करायची आहे. हलक्या, मुरमाड रानाला तो सोन्यासारखा आहे. अल्पभूधारक आणि एकट्या कर्त्या बायकांच्या रानात गाळ टाकायला गावाचे ट्रॅक्टर जातील, त्याचं डिझेल वर्गणीतून देऊ. सुरतेहून येणाऱ्यांनी शक्य असेल तर दोन दिवस जास्तीची रजा काढावी. सांडव्याची दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, हातानेच लावायची आहे, तिथे माणसंच लागतात.

वर्गणी फक्त ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. कोणाच्याही खाजगी खात्यावर पैसे टाकू नका. जमाखर्च रोज संध्याकाळी कार्यालयाच्या फळ्यावर लागेल आणि 1 मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. काम पहिल्या पावसाआधी, मृगाच्या आत संपवायचं आहे. येताना टोपलं, फावडं आणि डोक्याला रुमाल आणा; पाणी आणि भाकरीची सोय बचत गटाच्या बायांनी अंगावर घेतली आहे.

आपली,
ग्रामपंचायत व पाणी समिती