आधी फोटो फिरला, मग पंचनामा झाला

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एक बातमी आली. आमच्या भागातून बेपत्ता झालेल्या मुलाच्या तपासाला 'वेगळे वळण' लागल्याचे तीत म्हटले होते. तपास अधिकाऱ्याचे एक वाक्यही बातमीत नव्हते. 'समाजमाध्यमांवर चर्चा आहे', 'जाणकारांच्या मते', 'नागरिकांतून प्रश्न उपस्थित होत आहे' एवढ्यावर तीन कॉलम भरले होते. त्यातला एकूण एक मुद्दा आम्ही आधीच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचला होता. ग्रुपवरची गप पेपरात छापून आली आणि तेच कात्रण परत ग्रुपवर पडले, 'बघा, आता पेपरात पण आलं' म्हणून. त्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लेकराचे नाव, गाव, शाळा मी लिहिणार नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये बेपत्ता मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानले आहे. अशा बालकाची ओळख उघड केल्यास कलम 74 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शोध लागावा म्हणून पोलिसांनी फोटो प्रसिद्ध करणे वेगळे. पण घराचे दार, आजीचा आक्रोश, धाकट्या बहिणीची शाळा हे सगळे रीलमध्ये फिरत आहे आणि शोधाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मी तलाठी म्हणून नोकरी केली. तलाठ्याला पंच म्हणून ठाण्यातून बोलावणे येतेच, त्यामुळे मुद्देमाल कसा जप्त होतो हे मी जवळून पाहिले आहे. वस्तू जिथे पडली तिथेच आधी फोटो. मग एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून टेपने अंतर, दिशा आणि आसपासच्या जमिनीचे वर्णन. वस्तू ओली असेल तर सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवतात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि प्रयोगशाळेला काही मिळण्यासारखे राहत नाही. पाकिटावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, वर लाखेचे सील. ते पाकीट कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेले याची नोंद शेवटपर्यंत ठेवावी लागते. कोर्टात आरोपीचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

आता इथे काय झाले ते सांगतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या भरावावर मुलाची एक चप्पल दिसली. ज्या तरुणाला ती दिसली तोही शोधायलाच फिरत होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हते. त्याने ती उचलली, कंपनीचे नाव दिसावे म्हणून शर्टाला पुसली, तळहातावर धरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. पोलीस येईपर्यंत सगळ्या तालुक्याने चप्पल पाहिली होती. तिच्यावरचा चिखल कालव्याचा होता की वावरातला, हेच तर बघायचे होते. तो चिखल गेला. ती नेमकी कुठे आणि कशी पडली होती, याची आता चार माणसे चार उत्तरे देतात.

त्या एका फोटोवरून रात्रीतून सिद्धांत तयार झाले. 'चप्पल कोरडी आहे, म्हणजे पोरगं पाण्यात पडलंच नाही, कुणीतरी मुद्दाम आणून ठेवली.' ती शर्टाला पुसलेली आहे हे फोटोत कसे दिसणार? दुसऱ्या दिवशी 'कोणी ठेवली' याची नावे सुरू झाली, त्यात मुलाचा सख्खा चुलता आला.

यातले सर्वांत मोठे नुकसान लोकांच्या ध्यानात येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा होत नाही. आरोपीने दिलेल्या माहितीवरून जे प्रत्यक्ष सापडते, तेवढ्यापुरतेच त्याचे सांगणे ग्राह्य धरतात. म्हणून तपास अधिकारी काही बारकावे मुठीत ठेवतात, जे फक्त तिथे हजर असलेल्यालाच ठाऊक असतील. उद्या कुणाला पकडले आणि तो म्हणाला की चप्पल अमुक रंगाची होती, कालव्याच्या अलीकडच्या अंगाला होती, तर त्याला काय अर्थ उरला? ते आज शाळकरी पोरांनाही पाठ आहे. खरा गुन्हेगार सुटण्याची आणि दबावाखाली कबूल झालेला निरपराध अडकण्याची अशी दोन्ही दारे आपणच उघडून ठेवली. ओळख परेडचेही तेच. संशयिताचा फोटो आधीच मोबाइलवर फिरला असेल तर साक्षीदाराने ओळखले काय आणि न ओळखले काय, सारखेच.

खताच्या दुकानातल्या कॅमेऱ्याची एक क्लिप अशीच बाहेर आली. क्लिपच्या कोपऱ्यातली वेळ घरच्यांनी सांगितलेल्या वेळेशी जुळत नव्हती, लगेच 'घरचे खोटे बोलतात' असे ठरले. आमच्याकडे दिवसातून कितीदा वीज जाते हे सगळ्यांना माहीत आहे. डीव्हीआरमधला, म्हणजे कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यातला, छोटा सेल उतरला असेल तर वीज आल्यावर घड्याळ भलतीच वेळ दाखवते आणि दुकानदार ते कधी बघत नाही. पोलीस फुटेज ताब्यात घेताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ ताडून फरक पंचनाम्यात लिहितात, ते याचसाठी. शिवाय हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवे रेकॉर्डिंग चढते. एका क्लिपवर लोक तावातावाने भांडत होते त्या दिवसांत रस्त्यावरच्या बाकी दुकानांचे फुटेज पुसले जात असणार. ज्यांच्या दुकानावर कॅमेरा आहे त्यांनी त्याच दिवशी ठाण्यात जाऊन 'माझ्याकडे एवढ्या दिवसांचे आहे' असे सांगितले असते, तर ते हजार कमेंटपेक्षा मोलाचे ठरले असते.

श्वानपथकाचे कुत्रे चुलत्याच्या आखाड्यापाशी, म्हणजे शेतातल्या वस्तीपाशी, घुटमळले, हाही 'पुरावा' झाला. मूल रोज ज्या आखाड्यावर खेळायला जात होते तिथे त्याचा वास नसणार तर कुठे असणार? कुत्र्याच्या मागावरून तपासाला दिशा मिळते, पण तेवढ्यावर कुणाला दोषी धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात, अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार प्रकरणात, या पुराव्याच्या मर्यादा सांगितल्या आहेत. तसेच मोबाइलच्या टॉवर लोकेशनचे. खेड्यातला एक टॉवर चारी बाजूंच्या गावांना रेंज देतो. 'लोकेशन विहिरीजवळ दाखवलं' असे सांगणाऱ्याने तो कागद पाहिलेला नसतो.

सर्वांत जास्त यातना झाल्या त्या आई-बापाला. ते दोघे उसाच्या फडावर होते, लेकरू आजीजवळ ठेवलेले. मराठवाड्यातून दसरा-दिवाळीनंतर किती कुटुंबे अशी जातात आणि किती घरांत म्हातारी आणि नातवंडेच उरतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. निरोप मिळाल्यावर दोघे कोयता ठेवून रातोरात गावी आले. त्यांच्यावर काय लिहिले गेले? 'मुकादमाची उचल फिटत नव्हती, म्हणून पोरगं दिलं असेल.' 'आई रडत का नाही?' डीएनएसाठी दोघांचे रक्त घेतले, तर 'रक्त घेतलं म्हणजे संशय घरच्यांवरच'. आई-वडिलांचे नमुने लागतात ते जुळणीसाठी. कुठे अनोळखी मूल किंवा, देव न करो, काही अवशेष मिळाले तर ते त्यांचेच आहे की नाही हे त्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या बातमीतही 'पालकांची नार्को चाचणी करण्याची मागणी' असे ठळक अक्षरांत होते. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले आहे. एवढी एक ओळ त्या मागणीखाली छापायला काय हरकत होती?

'आई रडत का नाही' यावरून ऑस्ट्रेलियातले अझारिया चेंबरलेन प्रकरण आठवते. 17 ऑगस्ट 1980 रोजी उलुरू खडकाजवळच्या पर्यटकांच्या छावणीतून सुमारे नऊ आठवड्यांची ही मुलगी नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिकडचा रानटी कुत्रा, तिला घेऊन गेला असे आई सांगत राहिली. आई पुरेशी रडत नाही, कुटुंबाने धर्मासाठी बळी दिला असेल, अशा वावड्या देशभर उठल्या. गाडीत 'रक्त' सापडल्याचे तज्ज्ञांनी सांगितले आणि 1982 मध्ये आईला जन्मठेप झाली. 1986 मध्ये बाळाचे जॅकेट सापडले आणि तिची सुटका झाली, 1988 मध्ये शिक्षा रद्द ठरली. गाडीतले ते 'रक्त' बहुतांशी कारखान्यात आवाज रोखण्यासाठी मारलेला लेप होता. बाळ डिंगोनेच नेले हे सरकारी नोंदीत यायला 2012 साल उजाडले. तेव्हा मोबाइल नव्हते. वर्तमानपत्रे होती.

आणि बळीची वावडी तर आपल्याकडे आधी उठते. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला मानवतचे 1970 च्या दशकातले नरबळींचे हत्याकांड सांगावे लागत नाही. मूल हरवले की कुणीतरी पंचांग उघडून अमावास्या किती दिवसांवर आहे ते बघतो आणि गुप्तधनाचा विषय काढतो. नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. ठोस माहिती असेल तर ठाण्यात द्यावी. या वेळी एका म्हाताऱ्या पोतराजाचा फोटो 'हाच तो' म्हणून फिरला, त्याला बाजारात लोकांनी घेरले. वेळेवर पोलीस पोचले म्हणून तो वाचला.

1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला असे कुणी वेळेवर पोचले नाही. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. त्या काळात देशभर फिरलेला मोटारसायकलवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ कराचीतल्या एका जनजागृती चित्रफितीचा तुकडा होता. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढाच शेवट कुणीतरी कापला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

लोकांनी गप्प बसावे असे माझे म्हणणे नाही. पहिल्या रात्री बॅटऱ्या घेऊन अख्खा कालवा पालथा घालणारे हेच लोक होते, त्यांचे उपकार घरचे विसरणार नाहीत. पण काही गोष्टी छापाव्यात आणि त्या छापल्या जात नाहीत. मूल हरवले की 24 तास थांबायचे नसते. सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत स्पष्ट केले की बेपत्ता मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचाच आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून तपास करायचा. फोन 112 किंवा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098. चार महिन्यांत मूल मिळाले नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो. पालकांनी ती तारीख लक्षात ठेवून पाठपुरावा करावा. आपण तोवर चुलत्यावर चर्चा करत राहिलो, तर चार महिने संपल्याचे कुणाला कळणारही नाही.

पोलिसांकडेही एक मागणे आहे. ते काहीच बोलत नाहीत, म्हणून ती जागा अफवा भरून काढते. पोलीस अधीक्षकांनी अशा प्रकरणात एक अधिकारी नेमून ठरलेल्या वेळी दोन वाक्ये सांगावीत. 'आज कालव्याचा अमुक टप्पा तपासला, नवीन माहिती नाही' एवढे कळले तरी निम्मी तोंडे बंद होतील.

आणि आपल्याला विनंती अशी. 'चर्चा आहे' या आधारावर या प्रकरणात पुन्हा एक ओळही छापू नका. चुलत्याबद्दल जे छापले, त्याला पोलिसांचा दुजोरा नव्हता असा खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच जागेत यावा. बेपत्ता मुलाच्या पत्रकावर तारीख आणि ठाण्याचा क्रमांक असल्याशिवाय ते घेऊ नये, आणि मूल सापडले की तेही छापून फोटो काढून टाकावा. सापडलेल्या मुलांचे फोटो 'हरवला आहे' म्हणून वर्षानुवर्षे फिरत राहतात.

पोलीस ठाण्याने काढलेल्या मूळ पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे. त्यावर मुलाचे वर्णन, तारीख, गुन्हा क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचा नंबर आहे. उद्याच्या अंकात जागा असेल तर तेवढे घ्यावे.

गाव लहान आहे, माझ्या नावावरून घर ओळखता येईल. नाव आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिले आहे, ते छापू नये.

आपला,
एक निवृत्त तलाठी,
जि. परभणी