शाळेतले जुने कॉम्प्युटर किलोवर विकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय. जागा कमी असेल तर कुठंही कापा, फक्त कॉम्प्युटरमधल्या बटणसेलचा किस्सा तेवढा राहू द्या, त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशोब बघतो. कॉम्प्युटर हा माझा धंदा नाही, नाद आहे, आणि वीसेक वर्षं झाली, घरात एक तरी सीपीयू कायम पोट उघडून पडलेला असतो. दिवाळीनंतर भाच्याचा दाखला आणायला गावाकडच्या एका शाळेत गेलो होतो, तर व्हरांड्यात चौदा कॉम्प्युटर एकावर एक रचलेले, वायरी गुंडाळून वर टाकलेल्या, मॉनिटर भिंतीकडं तोंड करून ठेवलेले. मुख्याध्यापकांना विचारलं सर हे काय, तर म्हणाले निर्लेखनाचा, म्हणजे वापरातून काढून टाकायचा, प्रस्ताव पाठवलाय, मंजूर झाला की भंगारवाला किलोवर घेऊन जाईल. का, तर विंडोज बंद झालं आणि हे आता चालणार नाहीत असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

यातलं अर्धंच खरं आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले, ज्यांनी नोंदणी केली त्यांना एक वर्ष वाढीव आहे पण ते पण ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ च्या शेवटाशेवटाला बाजारात यायला लागले तसला. त्या व्हरांड्यातले सगळे इंटेलच्या चौथ्या पिढीचे आय थ्री प्रोसेसरवाले. त्यांच्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही हे कबूल. पण मशीन आहे तसंच आहे हो, १३ तारखेला चालत होतं ते १५ तारखेला पण चालत होतं, त्याच्या आतलं काही जळलेलं नाही. चालू गाडीचा विमा संपला म्हणून कुणी गाडी भंगारात घालतं का? आणि हे सगळे भंगारात गेल्यावर काय होतं ते पण मी बघितलंय, वायरी जाळून तांबं काढतात आणि तो काळा धूर शेजारच्या वस्तीत जातो.

सरांचं कौतुक करायला पाहिजे, त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेतला, प्रस्ताव थांबवला आणि मला चार रविवार दिले. मी एकच अट घातली, आठवी-नववीची पोरं सोबत बसणार आणि स्क्रू त्यांनीच काढायचे.

पहिल्या रविवारी बारा पोरं आली, त्यात पाच मुली. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आत धुळीचा नमदाच झालेला, एकात पालीची अंडी निघाली. पेंटचा ब्रश घेऊन सगळं झाडलं. मग रॅम, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीची पट्टी, काढायला शिकवली, दोन्ही बाजूच्या खिट्ट्या एकदम दाबायच्या, पट्टी आपोआप वर येते, आणि तिच्या खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात ते खोडरबरानं हलक्या हातानं पुसायचे. कंपासपेटीतला खोडरबर, दुसरं काही नाही. चालू केल्यावर नुसताच बीप बीप ओरडत बसणारे तीन कॉम्प्युटर एवढ्यानं चालू झाले. पोरं आधी हात लावायला घाबरत होती, सर शॉक बसेल, सर फुटेल, आणि अकरा वाजेपर्यंत आपापसात भांडायला लागली की पुढचा डबा कुणी उघडायचा.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागात माझ्या एका मित्राचं दुकान बुडलं होतं. पाणी उतरल्यावर तीन मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले मुख्य बोर्ड, आम्ही नळाखाली स्वच्छ धुतले, आठ दिवस गच्चीवर वाळवले, त्यातला एक चालू झाला आणि पुढं चार वर्षं चालला. तेव्हापासून कुठलं मशीन मेलंय असं मी उघडून बघितल्याशिवाय म्हणत नाही.

आता सेल. या शाळेत दोन-तीन वर्षं एक तक्रार होती की काही कॉम्प्युटरवर नेट चालत नाही. वायर बदलून झाली, राऊटर बदलून झाला, तरी पान उघडलं की 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असं येऊन सगळं बंद. शेवटी त्या मशीनवर कापड घातलं आणि प्रॅक्टिकलच्या तासाला फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढून भाग लिहून घ्यायला लागले. आठवीतली एक मुलगी स्क्रीनच्या कोपऱ्याकडं बघून म्हणाली, सर यात तर २०१३ साल चाललंय. बरोबर तेच होतं! प्रत्येक वेबसाईटकडं एक प्रमाणपत्र असतं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं, आणि कॉम्प्युटरला वाटतंय आज १ जानेवारी २०१३, मग आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं दिसतं, तो आत सोडत नाही. वर्षांचा फरक पडला की विंडोज ते घड्याळ आपणहून नीट पण करत नाही. बरं घड्याळ का चुकतं, तर मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, लाईट गेल्यावर तारीख-वेळ तोच सांभाळतो आणि काही वर्षांनी उतरतो. शेजारच्या घड्याळाच्या दुकानातून त्या मुलीनंच सेल आणले, नखानं खिट्टी सरकवून जुना काढला, नवा बसवला, तारीख घातली, आणि पान उघडलं. घड्याळवाल्याकडं मिळणाऱ्या सेलापायी पोरांचे दोन-तीन वर्षांचे तास गेले.

यात शाळेतल्या सरांना मी दोष देत नाही, त्यांना मतदार यादीपासून पोषण आहारापर्यंत शंभर कामं लावलीत आणि कॉम्प्युटर उघडायचं कुणी शिकवलंच नाही. उलट उघडलं तर वॉरंटी जाईल, नोंदवहीतली वस्तू आहे, बिघडली तर पगारातून कापतील ही भीती. दोष आपल्या शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. परीक्षेत सीपीयूचा लाँगफॉर्म विचारतात आणि तो सीपीयू शेजारच्या खोलीत कुलपात असतो. एमएस-सीआयटी २००१ ला आली, लाखो लोकांनी त्यामुळं पहिल्यांदा माऊस हातात धरला, माझी बायको पण तिथंच शिकली आणि त्याचा तिला नोकरीत उपयोग झाला. पण चोवीस-पंचवीस वर्षांनंतर पण आपण कुठल्या मेनूत काय आहे एवढंच शिकवत असू तर पोरं बटणं पाठ करतील, पुढच्या व्हर्जनला बटण हललं की परत कोरी पाटी.

आपल्या जिल्ह्याला तर यंत्र उघडून शिकायची जुनी सवय आहे. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना घातला, किर्लोस्करवाडी झाली, लोखंडी नांगर आणि पुढं पंप निघाले, आणि तिथं आजूबाजूच्या गावची माणसं काम करता करता मशीन शिकली. आज पण पलूस, तासगाव, विट्याकडं मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात दहावी नापास पोरगा जळकी मोटर बघून सांगतो कुठली वाइंडिंग गेलीय. हाच हात कॉम्प्युटरला का लागू नये?

तर चौदातले अकरा उठले. तीन गेलेल्यांचे पार्ट काढून बाकीच्यांना घातले. सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, ती पण विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे, त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घेतली, ती चार जीबी रॅमवर नीट चालते, फुकट आहे, अपडेट येत राहतात. सहा मशीनच्या हार्डडिस्क फारच रखडत होत्या म्हणून तिथं छोट्या एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा वेगानं चालणाऱ्या डिस्क, घातल्या, त्या गावातल्या दोन माजी विद्यार्थ्यांनी घेऊन दिल्या. सगळा खर्च मिळून एका नव्या कॉम्प्युटरच्या किमतीच्या निम्मा पण झाला नाही. पोरांना मी लिनक्सची गोष्ट सांगितली, १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपल्या खोलीत बसून सुरू केलं आणि त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सगळ्यांना उघडा ठेवला, आणि त्याच वर्षी इकडं पुण्यात सीडॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवला, अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला म्हणून. एका पोरानं विचारलं, सर मग हा कोड आम्हाला पण दिसतो? दिसतो म्हणलं, आणि उघडून दाखवला. कळला काहीच नाही, पण पोरगं बराच वेळ स्क्रोल करत होतं.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं खूळ नाही. केरळात सरकारी शाळांत वर्षानुवर्षं लिनक्सच वापरतात, त्यांनी स्वतःची आवृत्ती केलीय, आणि २०१८ पासून हायस्कूलमध्ये 'लिटल काइट्स' म्हणून विद्यार्थ्यांचे क्लब आहेत, ती पोरं शाळेतले कॉम्प्युटर सांभाळायला हातभार लावतात. आपल्याला जमणार नाही असं यात काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पालक म्हणतात कॉम्प्युटर कशाला, घरोघरी मोबाईल आहे की. इथं मी अगदी तळमळीनं सांगतो, मोबाईल आणि कॉम्प्युटर एक नाही. मोबाईल पोराच्या हातात दिला की ते बघतं, कीबोर्ड दिला की काहीतरी करायला लागतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. त्या गावाला माझा मनापासून नमस्कार आहे, अख्ख्या गावानं मिळून एक गोष्ट पाळणं सोपं नसतं. पण बाकीच्या वेळी पोरानं स्क्रीनसमोर बसून काय करायचं याचं उत्तर पण आपणच द्यायला पाहिजे, आणि ते माझ्या मते शाळेतल्या त्या खोलीत आहे, संध्याकाळी तासभर उघडी ठेवली तर.

एआयचं पण तेच. नववीतल्या एकीनं कृष्णा नदीवरचा प्रकल्प मोबाईलवर एआयला विचारून लिहून आणला होता, त्यात सांगलीला कृष्णा-कोयनेचा संगम होतो असं होतं. दुसरी लगेच म्हणाली, तो कऱ्हाडला, आपल्याकडं हरिपूरला वारणा मिळते, मी आजीबरोबर संगमेश्वराला जाते की. मग दोघींनी बसून ते पान स्वतः टाइप केलं. मला एआयची भीती वाटत नाही, मी रोज वापरतो, पण हरिपूर बघितलेलं असलं की चूक पकडता येते.

टाइप केलं म्हणलं ते मराठीत. इनस्क्रिप्ट नावाची मराठी कीबोर्डची मांडणी लिनक्समध्ये आधीपासूनच असते, निवडली की झालं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, एम ई एक्स आय एन आर ही सहा बटणं दाबली की 'सांगली' उमटतं. पोरांनी पहिल्यांदा आपलं गाव टाइप केलं, मग आईचं नाव. पंधरा दिवसांत बऱ्यापैकी हात बसला. सरांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मात्र उघडल्यावर कसलीतरी चिन्हं दिसायला लागली, कारण त्या युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच ओळखली जातात त्या पद्धतीच्या, आधीच्या फॉण्टात केलेल्या, त्यांचं रूपांतर करायचं काम अजून चालू आहे.

अडचणी पण सांगतो, नाहीतर कुणी माझ्या भरवशावर करेल आणि अडकेल. एक जुना प्रिंटर लिनक्सवर चाललाच नाही. टॅलीसारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजवरच बरं चालतं, आमच्या पेढीवर पण विंडोजच आहे. म्हणून शाळेच्या ऑफिसात एक नवा विंडोजचा कॉम्प्युटर घ्यावा, तो लागणारच. माझं म्हणणं फक्त पोरांच्या खोलीपुरतं आहे.

जिल्हा परिषदेला आणि संस्थाचालकांना विनंती एवढीच की निर्लेखनाच्या फॉर्मवर सही करायच्या आधी एका जाणत्या माणसाकडून डबा उघडून बघून घ्या. आयटीआयची, पॉलिटेक्निकची, इंजिनिअरिंगची पोरं आपल्याकडं भरपूर आहेत, त्यांना हे काम प्रोजेक्ट म्हणून द्या. आणि दुरुस्तीत एखादा बोर्ड गेला तर त्या शिक्षकाच्या पगाराला हात लावणार नाही असं लेखी द्या, नाहीतर कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेणार नाही.

त्या शाळेत आता शेजारच्या गावच्या शाळेनं पण सात कॉम्प्युटर आणून टाकलेत, रविवारी सकाळी नऊला आम्ही बसतो. अकरामधल्या दोन मशीनला रॅम कमी पडतीय. डेस्कटॉपची डीडीआर ३ रॅम कुणाच्या कपाटात पडून असेल, दोन जीबीची असली तरी चालेल, तर आपल्या कार्यालयात आणून द्यावी, मी शनिवारी येऊन घेऊन जाईन. माझा पत्ता पाकिटात वेगळा दिलाय, तो छापू नये.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली