निर्बंध बँकेवर, अडकतो मात्र कामगारांचा पगार

प्रति,
माननीय संपादक,

विषय : निर्बंध आलेल्या बँकांतील खात्यांतून पगार देण्याची सोय असावी

महोदय,

एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की शाखेबाहेरच्या रांगेतील ठेवीदारांच्या व्यथा वर्तमानपत्रांतून येतात, आणि त्या यायलाच हव्यात. परंतु ज्याचे त्या बँकेत खातेही नाही अशा कितीतरी माणसांचा महिन्याचा पगार त्याच दिवशी अडकतो, कारण त्यांच्या मालकाचे किंवा संस्थेचे चालू खाते तिथे असते. वसई परिसरातील लहान कारखान्यांची आणि गृहनिर्माण संस्थांची पगारपत्रके तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करत आहे, म्हणून या दुर्लक्षित बाजूकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवरील निर्बंध 24 सप्टेंबर 2019 रोजी सकाळी लोकांना कळले. पगाराची तारीख आठवड्यावर आली होती आणि दिवाळी महिन्यावर. सुरुवातीला प्रत्येक खात्यातून एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती व्यक्तीच्या बचत खात्याला जशी होती तशीच कारखान्याच्या चालू खात्यालाही होती. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने दहा हजार, पंचवीस हजार अशी वाढत गेली, पण सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि लिफ्टमन यांचे पगार द्यायचे असलेल्या गृहनिर्माण संस्थेला पंचवीस हजारांत काय भागणार? मुंबई परिसरातील अनेक गृहनिर्माण संस्थांची खाती या बँकेत होती. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाबतीत 13 फेब्रुवारी 2025 पासून दोन आठवडे एक रुपयाही काढता येत नव्हता आणि 27 फेब्रुवारीपासून प्रत्येक ठेवीदाराला पंचवीस हजारांची मुभा मिळाली. त्या निर्बंधांच्या आदेशात बँकेला स्वतःच्या कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचे भाडे आणि वीजबिल यांसाठी खर्च करण्याची परवानगी होती. ती योग्यच होती, कारण बँकेतील कारकुनाचा या प्रकारात काही दोष नसतो. मग त्याच बँकेत खाते असलेल्या कारखान्यातल्या फिटरचा तरी काय दोष असतो?

ठेव विम्याने, म्हणजे बँक अडचणीत आल्यास ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम देणाऱ्या विम्याने, हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. विम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि ठेव विमा कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत ही रक्कम ठेवीदाराला मिळू लागली. बचत करणाऱ्या सामान्य माणसाला याचा मोठा आधार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पगाराच्या बाबतीत मात्र हा आधार तोकडा पडतो, कारण विमा ठेवीदारामागे असतो आणि कारखाना कितीही कामगारांचा असला तरी बँकेच्या लेखी तो एकच ठेवीदार असतो. समजा, पंचेचाळीस कामगारांना प्रत्येकी अठरा हजार रुपये द्यायचे आहेत. पगाराच्या आदल्या रात्री मालकाच्या खात्यात आठ लाख दहा हजार रुपये असतात आणि त्यातले पाच लाखच विम्याने सुरक्षित असतात. दुसऱ्या दिवशी तीच रक्कम पंचेचाळीस खात्यांत विभागली गेली की प्रत्येकाचा पगार पूर्णपणे विम्याखाली येतो. म्हणजे निर्बंध कोणत्या संध्याकाळी आले, एवढ्यावर पंचेचाळीस घरांचा महिना ठरतो. आणि जे पाच लाख मिळायचे तेही नव्वद दिवसांनी, तर कायद्याप्रमाणे पगार महिना संपल्यापासून सात दिवसांत द्यावा लागतो. भविष्य निर्वाह निधीचा भरणा पंधरा तारखेपर्यंत करावा लागतो, आणि बँक बंद आहे म्हणून उशिराचे व्याज आपोआप माफ होत नाही.

याहून बिकट अवस्था कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करता येणाऱ्या कर्जावर, चालणाऱ्या लहान उद्योगांची होते, आणि तिची चर्चा जवळजवळ होतच नाही. अशा उद्योगाच्या खात्यात शिल्लक नसतेच. माल उधारीवर गेलेला असतो, येणे यायचे असते, आणि तोवर पगार मंजूर मर्यादेतून उचल करून दिले जातात. निर्बंधांच्या काळात बँकेला नवे कर्ज देण्यास मनाई असल्याने ही न उचललेली मर्यादा एका रात्रीत निरुपयोगी होते. तिला ठेव विमा लागू होत नाही, कारण ती ठेवच नाही. त्यातच सगळे व्यवहार आमच्याकडेच ठेवा, अशी अट कर्ज देणाऱ्या बँकेने बहुधा घातलेली असल्याने दुसऱ्या बँकेत चार पैसे राखून ठेवण्याचा शहाणपणाचा सल्लाही या मालकांच्या उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत 10 मार्च 2023 रोजी सिलिकॉन व्हॅली बँक बंद झाली, तेव्हा अनेक कंपन्यांचे पगार वाटणाऱ्या रिपलिंग या कंपनीचे व्यवहार त्याच बँकेतून होत असल्याने त्या बँकेशी संबंध नसलेल्या नोकरदारांचेही पगार रखडले. तिथल्या सरकारने रविवारी संध्याकाळीच जाहीर केले की सोमवारपासून सर्व ठेवी पूर्ण उपलब्ध होतील. आपल्या प्रत्येक नागरी सहकारी बँकेसाठी असे करावे, असे मी म्हणणार नाही. त्याचा भार शेवटी जनतेवरच पडेल.

माझी मागणी मर्यादित आहे. निर्बंधांच्या आदेशातच एका महिन्याच्या पगारासाठी वेगळी तरतूद असावी. मालकाने मागील तीन महिन्यांची भविष्य निर्वाह निधीची विवरणपत्रे सादर करावीत, ज्यांत प्रत्येक कामगाराचे नाव आणि वेतन नोंदलेले असते. त्या आधारे, प्रत्येक कामगारामागे पंचवीस हजारांसारखी कमाल मर्यादा घालून, बँकेने रक्कम थेट कामगारांच्या दुसऱ्या बँकांतील खात्यांवर पाठवावी. मालकाच्या हाती पैसा जात नसल्याने गैरवापराला वाव कमी राहील. गृहनिर्माण संस्थांसारख्या ज्या लहान आस्थापनांना भविष्य निर्वाह निधी लागू नसतो, त्यांच्यासाठी लेखापरीक्षित हिशेबातील पगाराची नोंद ग्राह्य धरता येईल.

यावर आक्षेप येईल की सर्व ठेवीदार समान असताना एकाला झुकते माप का द्यावे. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. पण मार्च 2020 मध्ये येस बँकेवर पन्नास हजारांची मर्यादा आली, तेव्हा आजारपण, उच्च शिक्षण आणि लग्नकार्य यांसाठी पाच लाखांपर्यंत रक्कम काढण्याची वाट ठेवलेली होती. गरजेचा विचार करून सवलत देण्याची पद्धत त्यामुळे आधीचीच आहे. शिवाय ही रक्कम पुढे मिळणाऱ्या विम्याच्या पाच लाखांतून वळती केली, तर त्या मर्यादेपर्यंत इतर ठेवीदारांच्या वाट्याला धक्का लागणार नाही. जे पैसे ठेव विमा महामंडळ नव्वद दिवसांत देणारच आहे, त्यातला पगारापुरता भाग सात दिवसांत द्यावा एवढेच हे मागणे आहे. कॅश क्रेडिटच्या खातेदारांसाठी मात्र दुसऱ्या बँकेकडून तातडीचे अल्पमुदतीचे कर्ज हाच मार्ग दिसतो, आणि अडकलेल्या बँकेकडे आधीच तारण असलेल्या मालमत्तेवर दुसरा बोजा चढवण्यास रिझर्व्ह बँकेने त्या बँकेवर नेमलेल्या प्रशासकाने संमती दिल्याशिवाय तो मोकळा होणार नाही. ही संमती किती दिवसांत द्यायची, याची मुदत रिझर्व्ह बँकेने ठरवून द्यावी, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस,
वसई, जि. पालघर