'अचानक' हा शब्द काढा

संपादक साहेब, नमस्कार.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची बातमी आली की त्यात 'अचानक' हा शब्द असतोच, म्हणून हे पत्र. अचानक काही नव्हतं हो. बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणाऱ्या विषाचा जीन घातलेला, २००२ ला आला, दोन जीनवाला २००६ ला, पहिल्या जीनला गुजरातेतली अळी दाद देत नाही हे २०१० मध्येच जाहीर झालं, आणि २०१७ ला आमच्या यवतमाळकडं दोन जीनवालीही बोंडं किडली.

कारण अळ्यांची संख्या. समजा लाखात एखादीच्या कॅडहेरिन नावाच्या जीनमध्ये बिघाड आहे, त्यामुळे बीटीच्या पहिल्या जीनचं विष तिला नीट चिकटत नाही. पण अळ्या करोडोंनी असल्या की अशा शेकडो निघणारच, बाकीच्या मरतात आणि ह्याच उरतात. ॲरिझोनातल्या अळीत आणि आपल्याकडच्या अळीत बिघाड वेगवेगळे सापडले, पण जीन तोच! हा बिघाड आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून आला तरच अळी वाचते, म्हणून तर साध्या कपाशीवरच्या पतंगांशी त्यांचा संकर व्हावा यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम रेफ्युजी, म्हणजे साध्या बिगरबीटी कपाशीचं, बियाणं द्यायचे. ते आम्ही बांधावर फेकलं, खोटं कशाला बोलू, वरून फरदडही घेतली, म्हणजे हंगाम संपला तरी तीच झाडं शेतात ठेवली.

आता उलटं उदाहरण बघा, ओडिशातल्या सिमलीपालचे काळे वाघ. तिथे वाघ मोजकेच, बाहेरच्या वाघांशी संबंध जवळपास तुटलेला. पट्टे जाड करणारा टॅकपेप जीनमधला बदल तिथे इतका पसरला की २०२१ च्या अभ्यासात ३७ टक्क्यांपर्यंत वाघ तसे निघाले, भारतातल्या दुसऱ्या कुठल्या जंगली वाघात तो सापडला नाही. काळं असण्याचा फायदा होता म्हणून पसरला का, तर तसं मानायची गरज नाही, चार घरांच्या वाडीत दोन पिढ्यांत सगळ्यांचं आडनाव एकच होऊ शकतं, ते आडनाव भारी असतं म्हणून नाही, बाकीच्यांना पोरंच झाली नाहीत म्हणून. असा योगायोगाचा खेळ असला की सिमलीपालात उद्या काय होईल हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणजे 'अचानक' लिहायचंच असेल तर त्या वाघांबद्दल लिहा. अळीच्या बातमीत त्याऐवजी आमची फरदड आणि फेकलेली पाकिटं छापा, शिव्या आम्ही खाऊ.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ